पाऊस आहे का तिकडे?

"तीन तास? तीन तास तुम्ही नेमकं बोलता तरी काय?"

मागे एका शनिवारी बायकोने विचारलेला हा प्रश्न. हात काळे, शर्टाला पेट्रोलचा वास, आणि येताना दूध आणायचं विसरलेलो. अशा अवस्थेत दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे काय उत्तर असणार? तरी मी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "निफाडला पारा केवढा खाली आला ते. मग आरएक्सच्या क्लच प्लेटा. मग बुलेटवाल्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन..."

"म्हणजे काहीच नाही," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात देऊन आत गेली.

दूध आणायला गेलो खरा, पण ते 'काहीच नाही' डोक्यात राहिलं. म्हटलं, यावर एकदा लिहायलाच हवं. कारण माझं ठाम मत आहे की हवा, इंजिन आणि घर या तीन विषयांवरच्या आमच्या गप्पा 'काहीच नाही' नसतात. आणि गेल्या डिसेंबरपासून माझं हेही मत झालंय की तेवढ्या गप्पा पुरेशाही नसतात. दोन्ही कसं ते सांगतो.

आधी पात्रपरिचय. स्थळ पंचवटी, मालेगाव स्टँडजवळचं एक गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, आणि मिस्त्रीकाका. शनिवारी सकाळी साडेआठला आम्ही चौघं तिथे जमतो. आरएक्सवाला, बुलेटवाला, स्प्लेंडरवाला आणि मी येझदीवाला. (नावं मुद्दामच देत नाहीये. पंचवटीत कुणी कुणाला ओळखत नाही असं होत नाही.) येझदी वडिलांची. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९९६ मध्ये दुकान बंद केलं, तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. आरएक्स १०० सुद्धा त्याच वर्षी बंद झाली. म्हणजे आमच्यातल्या दोन गाड्या आमच्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, आणि घरातल्या मोठ्यांसारख्याच वागतात: थंडीत कुरकुरतात, मनाला आलं तर उठतात, आणि काय दुखतंय ते सरळ सांगत नाहीत.

आता विषय क्रमांक एक: हवा.

बाकी जगात हवामानावर बोलणं म्हणजे वेळ मारून नेणं असेल, पंचवटीत नाही. आमच्याकडे दुतोंड्या मारुती आहे. गोदावरीच्या पात्रात उभा. पाणी त्याच्या कमरेला आलं की काठावरचे टपरीवाले सामान हलवायला लागतात, छातीला आलं की बघ्यांची गर्दी होते, आणि डोक्यावरून गेलं की गावभर फोन सुरू होतात. १९ सप्टेंबर २००८ चा पूर आमच्या पिढीचा पहिला. तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि सुट्टी मिळाल्याच्या आनंदात होतो. नंतर २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९. या तारखा इथल्या लोकांना लग्नाच्या तारखेसारख्या पाठ असतात. (काहींना जास्तच.)

त्यामुळे गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, हा आमच्याकडे चहाबरोबरचा विषय. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. एकदा आम्ही गॅरेजच्या फळ्यावर हिशोब मांडला होता: दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे २८ टँकर, दर सेकंदाला, रामकुंडावरून! मिस्त्रीकाका शांतपणे म्हणाले, "आणि माझ्याकडे नळाला दिवसातून एकदा येतं." विषय हवेवरून घरात असा येतो.

विषय क्रमांक दोन: इंजिन.

अलीकडे यात सगळ्यात जास्त वेळ ई-२० पेट्रोल खातं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. यावर आमच्यात दोन तट आहेत. आरएक्सवाल्याच्या सासऱ्यांचा ऊस आहे, त्यामुळे तो सरकारपक्ष. आयात कमी होते, कारखान्यांकडे पैसा येतो, वगैरे. बुलेटवाला विरोधी पक्षनेता. मी इंजिनिअर असल्यामुळे मला मधे बसवतात. (सॉफ्टवेअरचा असलो म्हणून काय झालं, डिग्रीवर इंजिनिअरच लिहिलंय!) तर मधल्या माणसाचं म्हणणं असं: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणार यात वाद नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली होती. पण आमच्या गाड्यांचं खरं दुखणं वेगळं आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी रोज चालली तर फरक पडत नाही, कारण पेट्रोल येतं आणि जळून जातं. पण गाडी उभी राहिली, त्यात पावसाळा असला, तर टाकीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत ओल साठते. जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि पेट्रोल वर तरंगतं. शिवाय पेट्रोलमधला उडून जाणारा हलका भाग निघून गेला की मागे चिकट थर राहतो आणि बारीक जेट बुजतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. जुन्यांचा तो आहेच.

हा परिच्छेद जरा जास्त तांत्रिक झाला, पण लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

विषय क्रमांक तीन: घर. गंमत म्हणजे हा विषय कुणी काढत नाही. तो दुसऱ्या विषयाच्या मागच्या सीटवर बसून येतो.

उदाहरण देतो. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बुलेटवाल्याचे वडील ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले. ही विमानं ओझरला बांधली जायची, इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून यायची, असं सगळं त्याने आम्हाला रंगवून सांगितलं. मग पाना हातात घेऊन चेनचा ताण बघत बघत म्हणाला, "पप्पांनी टीव्हीवर पूर्ण कार्यक्रम बघितला काल. रात्री जेवले नाहीत."

एवढंच. कुणी "अरेरे" म्हटलं नाही. आरएक्सवाल्याने विचारलं, "त्यांना बुलेटवर बसवून ओझरला एक चक्कर मारून आण ना." पुढच्या शनिवारी कळलं की तो खरंच गेला होता. गेटपर्यंत.

आता मला सांगा, हे 'काहीच नाही' आहे का?

आमच्या ऑफिसात रोज सकाळी स्टँड-अप मीटिंग असते. तीन ठरलेले प्रश्न: काल काय केलं, आज काय करणार, आणि काही अडथळा आहे का? हा तिसरा प्रश्न रोज, नियमाने, प्रत्येकाला विचारला जातो. सहा वर्षांच्या नोकरीत मी त्याचं एकदाही खरं उत्तर दिलेलं नाही. "नो ब्लॉकर्स" म्हणायचं आणि पुढच्याकडे बघायचं. कारण सरळ आहे. समोर दहा चेहरे रोखून बघत असताना, पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये, माणूस अडथळा सांगत नाही. माणूस सांगतो तेव्हा त्याचे हात कशाततरी गुंतलेले असतात, नजर समोरच्या वस्तूवर असते, आणि मुळात त्याला कुणी विचारलेलं नसतं. गॅरेजमध्ये हे तिन्ही असतं. मधे उघडलेलं इंजिन असतं, आणि सगळे त्याच्याकडे बघत बोलतात.

आपल्याकडच्या पुरुषांना हे जास्त लागू आहे असं मला वाटतं. मी पुण्याला हॉस्टेलवर चार वर्षं होतो. वडिलांचा फोन आठवड्यातून एकदा यायचा.

"पाऊस आहे का तिकडे?"
"आहे."
"गाडीच्या टायरात हवा बघितलीस?"
"हो."
"बरं. आईला देतो."

संपलं! चाळीस सेकंद. तेव्हा मला वाटायचं, या माणसाला माझ्याशी बोलायला काही नाहीच. थर्ड सेमिस्टरला दोन विषय राहिले होते. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पावसाचंच विचारलं. रिझल्टबद्दल एक अक्षर नाही. दोन फोन म्हणजे काय, हे कळायला मला गॅरेजवर येऊन बसावं लागलं. त्यांच्या भाषेत 'पाऊस आहे का' म्हणजे 'कसा आहेस', आणि 'टायरात हवा बघितलीस का' म्हणजे 'जप स्वतःला'. त्यांना दुसरी भाषा कुणी शिकवलीच नव्हती.

इथपर्यंत लेख छान चाललाय ना? इथेच संपवला असता तर तुम्हीही 'वा वा' म्हणून मोकळे झाला असता. पण ती डिसेंबरची गोष्ट राहिलीय.

डिसेंबरातला पहिला थंडीचा शनिवार. स्प्लेंडरवाला गाडी ढकलत आला. आमच्यात सगळ्यात साधी, सगळ्यात भरवशाची गाडी त्याची. रोज पंचवटी ते अंबड आणि परत. तिला ढकलताना बघून आम्ही टिंगल सुरू केली. "थंडी वाजली का रे तिला? स्वेटर घाल!" चोक ओढून किक मारल्या, प्लग पुसला, काही नाही.

मिस्त्रीकाकांनी विचारलं, "कधीपासून उभी आहे?"
"परवाच चालवली की," तो म्हणाला.

काकांनी काही न बोलता कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी उघडली आणि आमच्यासमोर धरली. तळाला पाण्याचे थेंब, कडेला हिरवट-पांढरा थर, आणि जेटवर गुळाच्या पाकासारखं चिकट काहीतरी. त्याला वार्निशासारखा कुबट वास.

"ही परवाची नाही," काका म्हणाले. "तीन महिन्यांची आहे."

कुणीच बोललं नाही. कॉम्प्रेसर तेवढा चालू होता. मग त्याने वाटीकडे बघतच सांगितलं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात नोकरी गेली. त्याच्या विभागातली आठ माणसं एकाच दिवशी. पेट्रोलचे पैसे वाचावेत म्हणून गाडी लावून ठेवली. घरी बायकोला माहीत होतं, आईला नाही. आणि आम्हाला नाही.

मी मनात शनिवार मोजले. चौदा-पंधरा तरी भरले. त्यातले बहुतेक शनिवार तो आमच्याबरोबर होता. चालत यायचा. "कंपनीची बस सुरू झालीय, गाडी कशाला काढा," म्हणायचा. आम्ही म्हणायचो, "भारी आहे यार!" ई-२० वर आमचं महाभारत चालायचं तेव्हा तो एकदा म्हणाला होता, "पेट्रोल कसलंही असो, परवडलं पाहिजे." आम्ही हसलो होतो. दिवाळीच्या आधी त्याने आरएक्सवाल्याला सहज विचारलं होतं की शाळेची फी हप्त्याने भरता येते का. आरएक्सवाल्याने माहिती दिली आणि क्लच प्लेटांवर आला. चहाचे पैसे आळीपाळीने द्यायची आमची पद्धत. त्याची पाळी आली की तो नेमका फोनवर बोलत बाहेर जायचा. यावर आम्ही विनोद केले होते, देवा शपथ.

मी दिवसभर जे काम करतो त्यात लॉग वाचणं हा मोठा भाग आहे. सिस्टीम पडण्याच्या आधी कुठेतरी काहीतरी छापून जातं, ते वेळेत वाचायचं. इथे लॉग दर शनिवारी माझ्यासमोर छापला जात होता. वाचला मिस्त्रीकाकांनी, तोही वाटी उघडल्यावर.

म्हणून म्हणतो, हवा-इंजिन-घर ही भाषा चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. ती माणसाला आडून सांगायची सोय देते, तशी लपून राहायचीही सोय देते. आणि ऐकणाऱ्याला तर पूर्णच सूट देते. "आम्ही दर आठवड्याला भेटतो" या समाधानात आम्ही इतके खूश होतो की भेटलेल्या माणसाकडे बघायचंच राहिलं. बाहेरचे म्हणतात की या गप्पा फालतू आहेत. ते चूक आहेत. पण आम्ही समजत होतो की आपल्यात असं आडपडद्याचं काही नाही, आपण जिगरी दोस्त आहोत. तेही चूक होतं.

मग उपाय काय? कुणी म्हणेल, सरळ मनातलं बोलायची सवय लावा. बरोबर आहे, पण आमच्या मिस्त्रीकाकांना गोल करून बसवा आणि 'तुमच्या भावना व्यक्त करा' म्हणा, ते शटर ओढून निघून जातील. माझा उपाय छोटा आहे. विषय तेच ठेवा, फक्त एक प्रश्न जास्तीचा विचारा. "कंपनीची बस सुरू झाली" म्हटलं तर "कुठून सुटते?" एवढंच. "फी हप्त्याने भरता येते का" म्हटलं तर माहिती देऊन झाल्यावर "का रे?" दोन अक्षरं. समोरच्याला टाळायचं असेल तर तो टाळेल, त्याचा हक्क आहे. पण निदान दार आपल्या बाजूने लावलेलं नको.

स्प्लेंडरवाल्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. सिनेमासारखं काही झालं नाही. आम्ही वर्गणी वगैरे काढली नाही, त्याने घेतलीही नसती. काकांनी जेट साफ केले, टाकी रिकामी करून धुतली आणि मजुरी घेतली नाही. "पुढच्या वेळी दे," म्हणाले. बुलेटवाल्याच्या ओळखीने सिन्नरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीचं काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी. अंतर जास्त. गाडी आता रोज चालते, त्यामुळे पेट्रोल साठत नाही. आईला त्याने संक्रांतीला सांगितलं. ती म्हणाली, "मला गणपतीतच कळलं होतं. मोदकात खवा नव्हता."

बघा, स्वयंपाकघरातल्यांना लॉग वाचता येतो.

आता बायकोच्या प्रश्नाकडे परत. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पटलं. पण मला कुठे आहे गॅरेज?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे तीन तास घडतात कारण त्या वेळात चार घरांत कुणीतरी दूध तापवत असतं, पाणी भरत असतं. मैत्रीला लागणारा वेळ असा दुसऱ्याच्या खात्यातून काढलेला असतो, आणि आमच्यासारखे लोक वर त्यावर लेख लिहितात. तेव्हापासून रविवारची सकाळ तिची. ती शाळेतल्या मैत्रिणींबरोबर तपोवनाकडे चालायला जाते आणि अडीच तासांनी येते. काय बोलता म्हणून मी विचारत नाही. दूध मी तापवतो. दोनदा उतू गेलंय.

आणि एक गोष्ट, जी मी स्वतः लपवली होती. चालू लॉगमध्ये बसून दुसऱ्याचे लॉग वाचायच्या गोष्टी करणं बरं नव्हे. माझ्या ऑफिसची मेल येऊन दीड महिना झाला होता: घरून काम बंद, पुण्याला या. २०२० पासून मी पंचवटीतल्या घरातून काम करत होतो. गॅरेजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की ते खरं होणार होतं. शेवटी मागच्या शनिवारी येझदीची किक मारता मारता म्हटलं, "पुण्यात पार्किंगचा लई प्रॉब्लेम आहे म्हणे."

आधीच्या आम्ही "हो ना यार" म्हणून पुढे गेलो असतो. स्प्लेंडरवाल्याने मान वर केली. "का रे?" म्हणाला.

मग सांगितलं.

त्या रात्री वडिलांनाही सांगितलं. ते पेपर वाचत होते. बराच वेळ पेपरच वाचत राहिले. मग म्हणाले, "येझदी नेणार?"

"नाही. इथेच ठेवतो."

"मग आठवड्याला कुणीतरी किक मारायला हवी. उभी राहिली की पेट्रोल चिकटतं."

"मी येत जाईन ना शनिवारी."

"हं," म्हणाले आणि पान उलटलं.

असो. तूर्तास इतकंच. बाकी, पाऊस आहे का तिकडे?